मैनेचा पाय

अल्लीपूर,
ज्येष्ठ, १९८४

प्रिय कुंदे,

अक्षर पाहून दचकू नको. नेहमी माह्यं पत्र शेजारची विमलाबाई लिहिते, पण आज तिले म्हटलं, तू बाजूले बसून शेंगा फोड. आज तुह्या बापाले बसवलं आहे लिहायले. हो वं, त्यालेच. शकूच्या लग्नापासून जो तुह्याशी एक शब्द बोलला नाई, तोच नाक फुगवून पेन धरून बसला आहे. मले वाचता येत नाई, म्हणून मधातल्या चार ओळी गिळून टाकू, असं त्याच्या मनात असन. पण पाकीट चिकटवायच्या आधी विमलाबाई मले सगळं वाचून दाखवणार आहे. हे लिहितानी त्यानं माह्याकडं कसं पाह्यलं, ते तू पाहायले पाह्यजे होतं!

पह्यले बातमी सांगते, माह्याच्यानं राहवत नाई. मैना चालली! कवडूची घोडी, वं, शकूच्या वरातीतली. काल मारोतीच्या पारापासून बाजारापर्यंत चालली, अन् मी पारावर बसून तिच्या मानेकडं पाहून राह्यली होती, पायाकडं नाई. तूच तर सांगतलं होतं, घोडं पायानं नाई, मानेनं लंगडते. दुखता पाय टेकला की मान वर जाते. एकदाही गेली नाई, पोरी! मी टाळी वाजवली, तं बाजूचे बुढे मले येडी समजले.

तुह्यं पत्र आलं, तेव्हा विमलाबाईकडून मी तीनदा वाचून घेतलं. घोड्यांचं म्हणून वेगळं शिक्षण असते, तिकडं पुण्याकडं, अन् नागपूरच्या ढोर-डॉक्टरीच्या कॉलेजातून त्यासाठी तुह्यं नाव निघालं! मी पह्यले हसली, मंग विहिरीवर जाऊन साऱ्या बायांले सांगून आली. घोड्याचे दात पाहून तू त्याचं वय सांगते म्हणतात. आली की माह्येही पाहाजो. दोनच राह्यले आहेत, पण माह्यं वय कोणालेच ठाऊक नाई, तेवढं तरी कळन. अन् घोडं उभ्यानं झोपते हे खरं का? लहानपणी हिंगणघाटच्या बाजारात टांग्यातून उतरलो, की सारे पोट्टे जिलबीकडं पळत अन् तू तिथंच उभी. म्हणे, आजी, याले पाणी कोण देते? तेव्हाच मले समजायले पाह्यजे होतं.

पण तू शेवटी लिहिलं, बाबा हो म्हणतील तरच जाईन, नाईतर कॉलेजात नाही म्हणून सांगते. तिथंच सारं अडलं आहे.

तुह्या बापाचं तरी काय चुकलं म्हणावं? शकूची वरात निघाली, नवरदेव मैनेवर, वाजंत्री जोरात, अन् नवरीच्या बहिणीनं येऊन लगाम धरला. म्हणे, उतरा, घोडी लंगडून राह्यली. नव्या साडीत मातीत बसली, खूर मांडीवर घेतला, अन् सांगतलं की नालेचा खिळा आत जिवंत मांसात गेला, पू धरला आहे. जावाई बापडा तं सुटला! बसल्यापासून त्यानं दोन्ही हातांनी आयाळ धरली होती. पण व्याही अण्णाजी! हिंगणघाटचा माणूस, अन् पोरगा मांडवात पायदळ. पोरीच्या बापाले धड घोडी जमली नाई, हे त्यांनी साऱ्या पंगतींत फिरून सांगतलं. तुह्या बापानं त्या दिवशी जेवढे हात जोडले, तेवढे देवाले जन्मात जोडले नसन. पाहुणे गेल्यावर त्यानं चारचौघांत तुले म्हटलं, तुह्या शिक्षणानं माही इज्जत गेली. (खोडू नको रे प्रभाकर. लिही.) तू कवडूले तेवढं सांगून गेली, नाल काढ, रोज कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडव, वरून कोंडा बांध.

आता कवडू एकटा. मान धरन की पाय? अन् इकडं आपल्या घरचं मीठ सरायले लागलं. डबा भरला की रिकामा. मी तुह्या मायले बोलली, वरणात टाकते का वावरात पेरते? हा तुहा बाप रोज उजाडताच वावरात जातो म्हणून निघे, अन् धोतराचा सोगा ओला घेऊन वापस येई. ज्येष्ठातल्या कोरड्या वावरात कोण भिजते वं? शेवटी विमलाबाईनं पाह्यलं. प्रभाकरराव कवडूच्या अंगणात उकिडवे बसले आहेत, घोडीचा पाय घमेल्यात, अन् तिले म्हणून राह्यले, ठेव माय, ठेव, थोडंच राह्यलं. कुंदे, एवढं गोड तो तुह्या मायशीही कधी बोलला नाई.

पाहा, पेन थांबला. कान लाल झाले. लिही बाबू, लिही.

आता खरं सांगते. मैना चालली, हे तुले कोणीही कळवलं असतं; त्यासाठी हे पत्र नाई. तुह्या बापाच्या तोंडातून तो शब्द निघत नाई. त्याचीही जीभ मिठाच्या पाण्यात बुडवावी असं मनात आलं, पण पन्नाशीचा पोरगा बुढीच्या हातून धरल्या जात नाई. मंग म्हटलं, हात तं चालते त्याचा. मी सांगत जाईन, तो लिहीत जाईन, लिहिता लिहिता येईन आपल्या ठिकाणावर. आता मी सुपारी कातरायले उठते. खाली जागा सोडली आहे. तिथं काय लिहायचं, ते मी सांगणार नाई. अन् विमलाबाईलेही सांगतलं, तेवढं मले वाचून दाखवू नको.

तुहीच आजी,
देवकाबाई
(अंगठा)

कुंदा,
आईनं सांगितलं तसंच लिहिलं. मीठ मीच नेलं.
तू पुण्याले जाय. मैना सरळ चांगली चालते, पण वळतानी अजून जराशी मान उचलते असं मले वाटते. आईले दिसलं नाई. पुढं काय करायचं, ते लिहून पाठवजो.
बाबा