चिंधीची जुनी जागा

कळंब, तालुका इंदापूर
शुक्रवार, १३ फेब्रुवारी २०२६

लाडक्या आफताबला दादी करिमाची लई लई दुवा.

घरी समदी खुशाल हायत. तुझ्या अब्बाचा गुडघा थंडी सरली तसा जरा वळणावर आलाय, म्हणजे कुरकुरतो, पण दुकानापर्यंत नेतो. शेळी व्याली. दोन करडं झाली, त्यातलं एक अगदी तुझ्यावर गेलंय, दूध पिता पिता आईलाच लाथा मारतं. रोजे तोंडावर आलेत. तू बारा दिवस घराकडं फिरकला न्हाईस. फोन केला की "दादी, मीटिंगमध्ये हाय" म्हणतोस. परवा तर मी "आफताब" म्हणायच्या आतच तुझी मीटिंग सुरू झाली. बारामतीत इतक्या मीटिंगा होतात तर बाकीची कामं कोण करतं रे? म्हणून कागद पाठवतेय. कागद मधेच कट करता येत न्हाय.

लिहितेय समिना. तुझी बहीण. दुसरं कुणी मिळालं न्हाय म्हणून न्हवं. हे तिच्याच हातचं अक्षर असावं असं मला वाटलं. तिला बजावलंय की माझ्या तोंडचं तसंच लिहायचं, शाळेतलं करायचं न्हाय. मला अक्षर येत न्हाय, पण मी इतकी भोळी न्हाय. एकेक गोष्ट सांगून झाली की मी ओट्यावर एक चिंचोका ठेवतेय. शेवटी ती वाचून दाखवील तसा एकेक उचलीन. चिंचोका उरला तर बाईनं काहीतरी गाळलं.

आत्ताच बघ, पेन थांबलं. "दादी, हे कशाला लिहायचं?" म्हणते. लिही म्हटलं.

आता कळसचं सांगते. तुला ठाऊक हाय, पण माझ्याकडनं ऐक. चंद्राबाईच्या दूध केंद्रावर थंड करायची टाकी हाय, तिला तुमच्या कंपनीचा प्रोग्राम बसवलाय. लाइट गेली आणि परत आली की टाकीनं आपली आपण सुरू व्हायला पाहिजे. त्या दिवशी सकाळचं दूध टाकीत पडलं, मग लाइट गेली, घटकाभरानं आली, पण टाकी मुकी बसून राहिली. संध्याकाळी चंद्राबाईनं झाकण उघडलं तर वासानंच मागं सरली. गावाचं दूध गटारीत ओतलं. त्यात कुणाच्या एका म्हशीचं होतं, कुणाच्या लेकराच्या तोंडचं होतं. बाजारात मला बाया म्हणाल्या, "करिमाबी, तुमच्या समिनानंच भरला न्हवं तो प्रोग्राम?" मी वांगी निवडत राहिले. नंतर घरी येऊन बघते तर समदी किडकी.

तुमच्या दोघांच्या कंपनीचे मोहनराव साहेब, त्यांनी समिनाला विचारलं, तू काय भरलंस? ती म्हणाली, दोन पॉइंट चारचा टॅग भरला. ऑफिसात समद्यांचं काम ठेवायची मोठी मशीन हाय, साहेबांनी तिच्यावर तो टॅग काढून बघितला. तिथं तर दुरुस्त केलेलं काम. टाकीत मात्र बिनदुरुस्तीचं. मग साहेबांनी काय समजायचं? पोरीनं हयगय केली, भलतंच भरलं आणि आता नाव टॅगचं सांगते. सोमवारी अकरा वाजता तिनं आपली मशीन, तो मांडीवरचा कॉम्प्युटर, जमा करायची हाय. साहेब ती पुसून दुसऱ्या कुणाला देणार. समिनाची नोकरी तिथंच संपली, आणि नावही. दूध नासवणारी पोरगी म्हणून ती कळंब ते बारामती कुठं तोंड दाखवणार?

ती तिथं का बोलली न्हाय, ते मागनं सांगते.

पहिल्यांदा मला काही उमगंना. टॅग काय, ब्रँच काय. मी म्हटलं, मला वाकळीच्या, गोधडीच्या भाषेत सांग. मग आमी दोघींनी मांडून बघितलं. ब्रँच म्हणजे सुई. ज्याची त्याची सुई वेगळी, ज्याचा त्याचा दोरा वेगळा. तू तुझ्या कडेनं शिवतोस, समिना तिच्या कडेनं, मग दोन्ही एकात आणता. टाका घातला की सुई पुढं. सुई कुठं हाय म्हणून विचारलं तर रोज वेगळी जागा सांगावी लागणार, कारण ती चालतीच हाय. टॅग म्हणजे लाल चिंधी. इथवरचं काम बघितलं, पसंत केलं, म्हणून त्या टाक्याला चिंधी बांधायची. सुई गेली कुठल्या कुठं, तरी चिंधी तिथंच. पुढं शिवताना चूक सापडली तर नीट करावी आणि तिथं नवी चिंधी बांधावी, नव्या नावाची. जुनीला हात लावायचा न्हाय, कारण तिच्याकडं बघून दुसऱ्या कुणीतरी कात्री चालवलेली असते.

बरोबर हाय का रे, साहेब? तू शिकवायचं सोडून मला नुसतं "दादी, तुला न्हाय कळायचं" म्हणालास. कळलं बघ. अर्ध्या तासात कळलं, भाजी ढवळता ढवळता.

तर तू काय केलंस ते. मोहनरावांसमोर, समद्या ऑफिससमोर तू छाती काढून म्हणालास, दोन पॉइंट चार पक्कं झालं, आता ह्यात काही निघायचं न्हाय. साहेबांनी पाठ थोपटली. पहिल्या तारखेपासून तू टीमचा मोठा होणार म्हणून जाहीर केलं. आणि दोन दिवसांनी तुलाच सापडलं की लाइट परत आल्यावर टाकी उठत न्हाय. तू ते नीट केलंस, हुशार हाईस. पण नवी चिंधी बांधली असती तर चूक होती हे समद्यांना दिसलं असतं. म्हणून तू जुनीच उचललीस आणि पुढच्या टाक्याला नेऊन बांधलीस. नाव तेच. कुणाला काही बोलला न्हाईस.

समिनानं मात्र पहिली चिंधी आधीच आपल्या मशिनीत घेतली होती. ती म्हणते, एकदा घेतलेली चिंधी मशीन आपली आपण बदलत न्हाय. तिनं नाव बघितलं, दोन पॉइंट चार, आणि कळसला जाऊन भरलं. तिची चूक एवढीच की भावानं बांधलेल्या गाठीवर भरवसा ठेवला.

ती पहिली चिंधी अजून तिच्या मशिनीत हाय, आफताब. तिनं मला बाजेवर बसवून दाखवली. मला काय, मुंग्याच दिसल्या. पण तिनं बोट ठेवून सांगितलं, "दादी, हे भाईचं नाव. ही तारीख. ही वेळ." कुणी बांधली, कधी बांधली, समदं त्या गाठीतच लिहिलेलं असतं म्हणे. सोमवारी मशीन पुसली की तेही गेलं.

आता माझं. हे तुझ्या अब्बालाही ठाऊक न्हाय.

कळसची कुशाबाई तुला आठवत नसेल. पंचवीस-तीस वर्षं झाली, तवा ती हितं कळंबातच राहायची आणि माझ्यासंगं वाकळ शिवायची. मीच तिला टाका शिकवला. गावातल्या प्रयागबाईच्या लेकीच्या लग्नाची वाकळ आमच्याकडं आली. सकाळी मी शिवायची, दुपारनंतर ती. मी जिथं सोडीन तिथं लाल चिंधी, तिथनं पुढं तिचं. एक दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. दोरा ओढला गेला आणि वीतभर कापडाला चुण्या पडल्या. उसवायला वेळ नव्हता, लग्न दोन दिवसांवर. मी चिंधी सोडली आणि वीतभर मागं बांधली. चुण्या कुशीच्या वाट्याला गेल्या.

प्रयागबाईनं चार बायांत वाकळ अंथरली. हात फिरवला. "कुशे, तुझा हात अजून बसला न्हाय वाटतं." कुशीनं चिंधीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी सुपारी कातरत होते. तिनं सुई काढून पदराला टोचली आणि उठून गेली. त्यानंतर गावात तिला कुणी वाकळ दिली न्हाय. पुढं ती कळसला गेली, कांदे काढायला, निंदायला. चांगला हात होता तिचा. माझ्यापेक्षा चांगला.

पोरगी लिहायची थांबली हाय. नाक पुसतेय. कागदावर डाग पडला तर समज.

काल मी दूध नेणाऱ्या परवेजच्या टेम्पोत बसून कळसला गेले. दुधाच्या कॅनांत बसले, हाडं अजून वाजतायत. कुशी अंगणात ज्वारी पाखडत होती. मी म्हटलं, "कुशे, ती चिंधी मी हलवली होती." तिनं सूप काही थांबवलं न्हाय. म्हणाली, "मला तवाच दिसलं, करिमा. तू सोडलीस तिथं गाठीची भोकं राहिली होती. वीतभर पुढं. कापड विसरत न्हाय." मी म्हटलं, "मग बोलली का न्हाईस?" तर म्हणाली, "तू बोलशील म्हणून थांबले. तीस वर्षं झाली. च्या घेणार का?"

च्या घेतला. गोड होता.

तुझीही भोकं राहिलीत, बाळा. समिनाच्या मशिनीत. आणि तुझी बहीण कुशीसारखीच गप बसलीय, तू बोलशील म्हणून.

आता वाचून दाखवायला लावते, मग अंगठा.

वाचलं. एक चिंचोका उरला.

मला वाटलंच. मी म्हटलं, काय गाळलंस? तर म्हणते, "काही न्हाय, दादी, तू चुकून जास्ती ठेवलास." वय झालंय माझं, पण चिंचोके मोजता येतात. गाळलं ते मला ठाऊक हाय. मला वाचवायला गाळलं. आता मी सांगते आणि ती लिहिणार, न्हाय लिहिलं तर शेजारच्या शबीनाकडनं वाचून घेईन.

समिना पहिल्याच दिवशी मशीन घेऊन माझ्याकडं आली होती. साहेबांना दाखवू का म्हणून विचारायला. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "झाक ते. भाऊ हाय तुझा. पहिल्या तारखेला मोठा होणार हाय. तुझं काय, लग्न झालं की नोकरी सुटणारच." तिनं मशीन मिटली आणि भांडी घासायला गेली. बारा दिवस ती माझ्याच शब्दावर गप हाय. म्हणजे मी आयुष्यात दोनदा चिंधी हलवली. एकदा माझ्यासाठी, एकदा तुझ्यासाठी. आणि दोन्ही वेळा दंड भरला दुसरीनंच.

तो शब्द मी मागं घेतला. आत्ता, तिच्या तोंडावर. तिचं अक्षर मोठं झालंय असं मला वाटतं.

सोमवारी पहिल्या एसटीनं मी आणि समिना बारामतीला येतोय. मशीन तिच्या पिशवीत, शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा माझ्या. अकराच्या आत तू मोहनरावांच्या खोलीत जाऊन आपल्या तोंडानं सांगितलंस, तर ती मशीन पिशवीतनं निघणार न्हाय आणि डबा तुझा. दुरुस्ती तूच केली होतीस हेही सांग, ते खोटं न्हाय. आमी आल्यावर तू मीटिंगमध्ये असलास, तर समिना मशीन उघडील आणि बोट ठेवून दाखवील. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली असेन. पोळ्या मग कळसला जातील, चंद्राबाईकडं आणि कुशीकडं.

तू मोठा झालास न झालास, मला काही वाटायचं न्हाय. तुला मी मांडीवर घेऊन सुई ओवायला शिकवली होती. तुझी नजर चांगली म्हणून. ती नजर अजून हाय का, तेवढं सोमवारी बघायचंय.

खाली शाईचा अंगठा माझा हाय. जिथं लावला तिथंच राहील.

तुझी वाट बघणारी, आणि ह्या खेपेला गप न बसणारी,
दादी करिमा