कोणत्या देशात सायकल न्यावी

बाबा, हे घरात कोणाला सांगता येत नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. पुसदच्या आमच्या सायकलवाल्या मंडळींनी यंदा परदेशात सायकली चालवायचं ठरवलंय. मी वयाने थोरला, म्हणून देश निवडायचं लोढणं माझ्या गळ्यात. श्रीलंका, व्हिएतनाम की न्यूझीलंड, एवढंच सांगायचंय. मी रोज नकाशा उघडतो आणि मिटतो. दमलोय बाबा. सायकल चालवून माणूस असा दमत नाही.

तुम्ही सायकलला दुधाचे कॅन लटकवून पुसदला जायचात तेव्हा रस्ता वारा पाहून ठरवायचात. भरल्या कॅनांना वारा पाठीशी हवा, रिकामं येताना अंगावर आला तरी चालतो, म्हणायचात. एकदा मी नुसत्या मजेखातर घाट उतरून धरणापर्यंत गेलो आणि भर उन्हात खालीच बसून राहिलो. तुम्ही शोधत आलात. "उतार पाहून कायले पयाला रे? वापस काय तुहा बाप आनीन?" आणि आणलं बापानेच, चढभर माझी सायकल ढकलत, तोंडाचा पट्टा चालू ठेवून. तेव्हापासून कुठलाही रस्ता दिसला की मी आधी परतीचं बघतो.

या तीन देशांचंही तेच केलं. समुद्र, डोंगर काही पाहिलं नाही, फक्त घरी किती लवकर पोहोचता येईल ते पाहिलं. माय पडली, तिचा खुबा मोडला, तेव्हापासून ती खाटेवरच आहे. तुमच्या सुनेची कंबर गेलीय, त्यामुळे उचलणं, पुसणं, कूस बदलणं माझ्याकडे. उमरखेडची ताई म्हणते, "तू जाय बिनधास्त, मी राह्यतो मायजवळ." तिला वाटतं, मला मायची काळजी अडवते.

काल मी मायला दुधात कुस्करलेली भाकर भरवतोय, तर ती मधेच तोंड मिटून घेते.

"कुठी चाल्ला रे बाबू? लय दूर हाये काय?"

"नाही वो माय, जवळच."

"मंग लवकर येजो."

आणि माझं मनगट धरून तशीच झोपून जाते. उष्टा हात वाळेपर्यंत मी बसून राहतो. तिच्यावर माया आहे, बाबा, खूप आहे. पण तुम्ही एका दुपारी झोपेत गेलात, कोणाला तांब्याभर पाणीही मागितलं नाही, याचा मला हल्ली हेवा वाटतो.

आज मंडळींना श्रीलंका कळवून टाकलं. सगळे खूश झाले. एकजण म्हणाला, आईसाठी जवळचा देश निवडला, असा मुलगा सगळ्यांना मिळो. मी मान हलवली. हा कागद मी चुलीत घालणार आहे, पण तुमच्यापाशी तरी खोटं बोलवत नाही. मला न्यूझीलंडलाच जायचं होतं. तिकडून, माय गेल्याचा फोन आला तरी, अग्नी द्यायला वेळेत पोहोचता आलं नसतं.