अस्तित्वात नसलेली टाकी रिकामी न करण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग.

विषय : टेकडीवरील टाकी सात दिवसांत रिकामी करण्याचा आदेश मागे घेणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस क्र. ४१२, तसेच माझे यापूर्वीचे पाच अर्ज (अनुत्तरित).

महोदय,

मी उपसा केंद्रावर अकरा वर्षे पंपचालक आहे. केंद्र सौर विजेवर चालू लागल्याला चार वर्षे झाली. सौर विजेबद्दल माझी तक्रार नाही. दुपारी पंप असा पळतो की बघत राहावे. तक्रार संध्याकाळची आहे. चोवीसपैकी नऊ बॅटऱ्या फुगल्या आहेत, उरलेल्या तासाभरात मान टाकतात. घरोघरी नळ उघडतात तेव्हा पंप बंद पडलेला असतो.

पाहणीस आलेले शाखा अभियंता म्हणाले, "ताई, सूर्य काय आपल्या हातात आहे?" मी म्हटले, "सूर्य नाही साहेब, बॅटऱ्या आहेत." त्यांनी अहवालात लिहिले की, महिन्याची सरासरी वीजनिर्मिती पुरेशी आहे. महोदय, माणसांना तहान सरासरीने लागत नाही.

केंद्राची टाकी दुपारी बारालाच भरते. पुढची सगळी वीज वाया जात होती. वीज साठवायला बॅटरी लागते, पाणी साठवायला टाकी पुरते, एवढे मला कळते. टेकडीवर जुनी टाकी पडून होती. माझे दीर गवंडी आहेत. त्यांनी तडे बुजवले, मी आठ दिवस आत उतरून घासली. पाण्याची तपासणी करून घेतली. तेव्हापासून दुपारच्या उन्हावर पाणी वर चढते आणि संध्याकाळी विजेशिवाय आपल्या वजनाने खाली येते.

गेल्या महिन्यात सलग चार दिवस आभाळ भरलेले होते. पंप जेमतेम हलत होता. तिसऱ्या दिवशी प्रसूतिगृहातून परिचारिकाबाईंचा फोन आला : "बाई अडली आहे, रक्त थांबत नाही, आणि नळाला थेंब नाही. हात कशाने धुऊ?" टेकडीवरच्या टाकीत मी अडीअडचणीसाठी थोडे पाणी राखून ठेवते. तिचा व्हॉल्व्ह उघडला. आई आणि मुलगी दोघी सुखरूप घरी गेल्या.

त्यानंतर नवव्या दिवशी आपली नोटीस आली. तीत म्हटले आहे की, सदर टाकी विभागाच्या नोंदीनुसार सहा वर्षांपूर्वी पाडण्यात आली असून ती अस्तित्वात नाही, सबब ती सात दिवसांत रिकामी करावी. जी टाकी नाही ती रिकामी कशी करायची, हे कृपया लेखी कळवावे. मी मात्र तिच्यावर रोज चढते.

तरी नम्रपणे कळवते की, नव्या बॅटऱ्या येऊन एक पूर्ण ढगाळ आठवडा पार पडेपर्यंत मी ही टाकी रिकामी करणार नाही. दुसऱ्या कोणास पाठवल्यास त्याची खेप फुकट जाईल, कारण व्हॉल्व्हचे चाक मी काढून घरी ठेवले आहे, संध्याकाळी पाणी सोडण्यापुरते वर नेते. कारवाई करायची असल्यास माझ्या एकटीवर करावी. दिरांनी फक्त सिमेंट कालवले. चाक हवे असल्यास आपण स्वतः यावे. वाटेत प्रसूतिगृह लागते. तिथे थांबून, पाणी बंद करतो आहोत असे परिचारिकाबाईंना आपल्या तोंडाने सांगावे आणि मग माझे दार वाजवावे. मी घरीच असेन.

ही एक बाब वगळता आपली आज्ञाधारक,

(सही)
पंपचालक, उपसा केंद्र
दि. १७

सोबत : १. फुगलेल्या बॅटऱ्यांचे फोटो, नऊ. २. पाणी तपासणीचा दाखला. ३. न पाडलेल्या टाकीचा फोटो, वर उभी मी.