मायच्या रक्तातलं गॅडोलिनियम

१२ नोव्हेंबर, तेलगाव

दगड घेऊन घरी आले. गुजरातच्या अंबाडोंगरचा कार्बोनेटाइट – माझं सगळं संशोधन याच्यावरच. मायला गंमत दाखवायची म्हणून वर पातळ अ‍ॅसिडचा थेंब टाकला. फसफसला.

"योगे, दगूड उकळतूय की."

सांगितलं, घटक चुनखडीचाच, पण हा समुद्रात साचलेला नाही. पृथ्वीच्या पोटातून वितळून आला, पाण्यासारखा पातळ वाहत. माय किती तरी वेळ त्यावरून हात फिरवत होती. उजवा. डावा हात हल्ली बधिर असतो म्हणे. दाखवायला न्यायला हवं.

१४ नोव्हेंबर

"ह्यात हाय काय येवढं?" मायनं विचारलं. म्हटलं, दुर्मिळ मूलद्रव्यं. शिलारस थंड होताना बाकीची आपापल्या स्फटिकांत बसतात. यांना कुठंच जागा मिळत नाही. मग उरलेल्या रसात राहतात, तिथंच साठत जातात.

"म्हंजी शेवटच्या टमटमीवानी. ज्याला न्हाई जागा, त्यो तिच्यात."

दोघी लई हसलो.

१८ नोव्हेंबर, अंबाजोगाई

सकाळी माय भाकरी थापता थापता आडवी झाली. अंगाला झटके. आबा मेंढरं तशीच सोडून पळत आले. दवाखान्यात आणलं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत गाठ दिसतेय.

डॉक्टर म्हणाले, "कॅन्सरची असू शकते. डोकं उघडावं लागेल बहुतेक."

आबांनी एवढंच विचारलं, "उघडल्यावर वळखंल का आमाला?"

डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला.

२० नोव्हेंबर

आज एमआरआय. शिरेतून औषध सोडायचं होतं, गाठ उजळून दिसावी म्हणून. बाटलीवरचं नाव वाचलं – गॅडोलिनियम! माझ्या दगडातल्या दुर्मिळ मूलद्रव्यांतलंच एक.

पुन्हा वाचलं. माझ्या आलेखात ते मधोमध असतं. लँथेनम, सेरियम डोंगरासारखे उंच, पुढं उतार, त्या उतारावर हे. कित्येकदा मोजलंय. कधी थांबून पाहिलं नाही.

नुसतं दिलं तर विष. म्हणून एका रेणूच्या मुठीत घट्ट धरून देतात. धडधाकट मेंदूत रक्तातून ते शिरत नाही. जिथं रोगानं बांध फोडलाय तिथंच झिरपतं, आणि तिथंच उजळतं. ज्याला खडकात कुठं जागा नव्हती, ते माझ्या मायच्या रक्तातून तिचं दुखणं शोधत फिरतंय. हे लिहितानाही अंगावर काटा येतोय.

आत जाण्याआधी मायला सांगितलं. ती म्हणाली, "तुझंच हाय व्हय ते? मग मी भिऊ कावून?"

मीच भ्यालेले होते.

२१ नोव्हेंबर

चित्र पाहिलं. काळ्या मेंदूत एक पांढरं कडं, मध्ये अंधार. सुंदर होतं. असं वाटल्याची लाजही वाटली.

"हे कडं वेगळंच सांगतंय," डॉक्टर म्हणाले. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासायला घेतली. ऑपरेशन तूर्त थांबवलंय.

२३ नोव्हेंबर

अजून काही नाही. आबा जेवले नाहीत.

२५ नोव्हेंबर

थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. मेंदूतली गाठही क्षयाचीच. कॅन्सर नाही. डोकं उघडायचं नाही – गोळ्यांनी विरघळेल. आबा बाहेर गेले. मी मागून गेले तर ते भिंतीकडे तोंड करून उभे, खांदे हलत होते. आबांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.