राजेसाहेबांच्या बदल्यात मी

२८ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून पुडिंग बंद. मंत्र्याला पोट शोभत नाही. इतकी वर्षं ब्रिटनच्या संसदेत मागच्या बाकावर बसलो, पक्षाने सांगितलं तेव्हा हात वर केला, सांगितलं तेव्हा खाली घेतला. आता मंत्रिमंडळात फेरबदल होतोय, शेतीखातं माझंच. बायकोला विचारलं, शेतीमंत्री म्हणून कसा दिसेन? मोइरा म्हणाली, "क्लाइव, तुला गहू आणि बार्ली यांतला फरक कळतो का?" असले प्रश्न मंत्र्याला विचारत नाहीत. सचिवाला विचारतात.

२८ ऑक्टोबर, जेवणानंतर
पुडिंग खाल्लं. उद्यापासून नक्की.

३१ ऑक्टोबर
डंकनने बोलावलं. डंकन आमचा चीफ व्हिप, म्हणजे पक्षाचा मुकादम. खासदार हाकण्याचं काम त्याचं. मी शेतीचं भाषण पाठ करून गेलो होतो. निघालं राजवाड्याकडचं पद, व्हाइस चेंबरलेन! समारंभात पांढरी काठी धरायची, आणि दरवर्षी संसदेच्या अधिवेशनाचं उद्घाटन असेल त्या दिवशी राजवाड्यात ओलीस राहायचं. राजेसाहेब संसदेत भाषणाला जातात. ते सुखरूप घरी येईपर्यंत आमचा एक खासदार त्यांच्या ताब्यात. पूर्वी संसदेने एका राजाचं मुंडकं उडवलं होतं, तेव्हा राजघराण्याचंही चुकत नाही म्हणा.

आधी हिरमुसलो. मग नीट विचार केला. राजाच्या बदल्यात ठेवायचा माणूस तोलामोलाचाच लागणार! मोइराला सांगितलं. म्हणाली, "किंवा गेला तरी चालेल असा." तिला राजकारण कळत नाही.

४ नोव्हेंबर
मतदारसंघात चहापान. पक्षाच्या स्थानिक अध्यक्षा मिसेस पॉसनेट यांना ओलीसपणाचं महत्त्व समजावून सांगितलं. त्यांना एकच काळजी. "तुम्हाला सोडवायला आम्हाला वर्गणी काढावी लागेल का हो? चर्चच्या छपराचीच अजून पुरी झाली नाही." हसण्यावारी नेलं. निघाली असती का, ते मात्र विचारायला हवं होतं.

७ नोव्हेंबर
लांब शेपटीचा काळा कोट काढला. बटण लागत नाही. धोब्याने आटवला.

संसदेतल्या चहाच्या खोलीत फिलिपा हॅरोगेट भेटली. परवा निवडून आलेली पोरगी, काखेत मेंढ्यांच्या रोगांवरचा अहवाल. दिवसभर सभागृहात बसते म्हणे, पंतप्रधानांच्या नजरेसमोर. बिचारी. तिला वडीलकीने सांगितलं, "रीत सांभाळ, बाकी सगळं आपोआप येतं." मान डोलावली आणि अहवाल वाचायला लागली.

११ नोव्हेंबर, सकाळ, राजवाडा
कोट घातला. श्वास बेताने घेतोय.

राजवाड्याच्या कर्नलसाहेबांनी कॉफी दिली, वर्तमानपत्र दिलं, टीव्ही लावून दिला. फारच घरगुती कारभार. मीच म्हटलं, "कर्नल, दार लावून घ्या. बाहेर शिपाई उभा करा. ओलीस म्हणजे ओलीस." ते म्हणाले, "साहेबांची मर्जी." दार लागलं. अंगावर रोमांच उभे राहिले.

जरा वेळाने
राजेसाहेबांची बग्गी आत्ताच निघाली. आणि डंकनचा फोन! शेतीमंत्र्यांचा राजीनामा. काल मुलाखतीत बोलून बसले की मटणाचा वासही सहन होत नाही. मेंढपाळ खवळले. डंकन म्हणाला, "क्लाइव, तुझं नाव निघालंय. राजेसाहेबांचं भाषण संपायच्या आत पंतप्रधानांच्या खोलीत ये. दुपारी सभागृहात उभं राहायला मंत्री हवाय. पळत ये!"

म्हटलं, "डंकन, मी ओलीस आहे. राजेसाहेब परतल्याशिवाय इथून हलणं म्हणजे देशाच्या रीतीला काळिमा. पंतप्रधानांना म्हणावं, थांबा."

डंकनने फोनच ठेवला. भारावला असणार. रीत जपणारा पक्ष आमचा. रीत जपणाऱ्याला डावलतील कसे?

मंत्रालयात टेबल खिडकीकडे घ्यायचं ठरवलं. राजवाड्याने पुडिंग पाठवलं. मंत्र्याने एखाद दिवस खाल्लं तर चालतं.

दुपार
राजेसाहेब सुखरूप परतले. कर्नल हसत आले, "सुटलात, साहेब!" मी त्यांना फोनचं सांगितलं. कसं बाणेदार उत्तर दिलं तेही. कर्नलचा चेहराच उतरला. "अहो, मग जायचं होतं की! गेल्या वर्षीचे साहेब तर मधेच जाऊन केस कापून आले. ही नुसती गंमत असते हो. त्या दाराला कुलूपसुद्धा नाही."

जाऊन पाहिलं. खरंच नव्हतं. शिपायाने तर मला बघून दार उघडून धरलं.

टीव्हीवर सभागृह चालू होतं. पुढच्या बाकावरून फिलिपा बोलत होती. शेतीमंत्री. बार्लीबद्दल.

१२ नोव्हेंबर
सकाळी आंघोळीच्या वेळी रडलो. नळ सोडून. इतकी वर्षं त्या एका फोनची वाट बघितली, आणि आला तेव्हा मीच थांबायला सांगितलं.

मोइराला कळलं असावं, कारण ती टोमणा न मारता दुपारी पुडिंग घेऊन आली. खात होतो तेवढ्यात फोन वाजला. डंकन! पुडिंग बाजूला सारलं, कोट नीट केला.

डंकन म्हणाला, "क्लाइव, राजवाडा तुझ्यावर एकदम खूश आहे. इतका मनापासून ओलीस राहिलेला माणूस आजवर पाहिला नाही म्हणतात. पुढच्या वर्षीही तूच, त्याच्या पुढच्याही. पंतप्रधानांनी लगेच होकार दिला."

मोइराने विचारलं, "काय म्हणाला?"

म्हटलं, "कायम झालो." आणि पुडिंग पुन्हा पुढे ओढलं.