टाकीखालचा पेपर

बाबा, तुमची माशांची टाकी अजून उभी आहे. बावीस वर्षं झाली, मतदानाचं वय केव्हाच उलटलं. तसबिरींना काचा बसवता बसवता एक दिवस जाड काच हाताला लागली आणि तुम्ही आईसाठी टाकी करायला घेतलीत. मी सुट्टीवर आलेलो, बगलेत न्यायशास्त्राची पोथी. तुम्ही सांध्यात सिलिकॉनची रेघ ओढता आहात, दुकानभर व्हिनेगरसारखा आंबट वास, आणि मान वर न करता विचारता, "शास्त्र्यानू, तुमच्या संस्कृतात हेका काय म्हणतत?" घट फुटल्यावर काय उरतं यावर आम्ही पाठशाळेत दोन वर्षं काथ्याकूट केला, पण घट गळायला लागला तर काय करायचं हे कुणी शिकवलं नव्हतं.

ते तुम्ही शिकवलंत. टाकीखाली वर्तमानपत्र घालायचं आणि रोज सकाळी उचलून बघायचं, कारण ओल काचेवर दिसायच्या आधी पेपरावर दिसते. "धा वर्षां बिनघोर. पंधरा झाली की नजर ठेव. वीस झाली की रिकामी कर, माझी भीड धरू नको." आणि मी एकदा जुन्या सिलिकॉनवरच नवं लावायला गेलो तेव्हा हातावर चापट बसली होती. "जुन्यार नवा बसना नाय रे! आधी खरवड!"

तुम्ही गेल्यावर, नऊ वर्षांपूर्वी, आई मिठबावला माहेरी गेली असताना डावा कोपरा पाझरला. खरवडायचं तर टाकी रिकामी करून आठवडाभर सुकवायला हवी, आणि आई दोन दिवसांत परतणार. मी पाणी थोडं उतरवलं, जुन्यावरच नवं फासलं. तिने आल्या आल्या विचारलं, "वास कसलो रे?" म्हटलं, लोणच्याची बरणी फुटली. तिने बरण्या मोजल्या नाहीत, हे माझं नशीब.

आता गुडघ्यांमुळे तिची खाट टाकीला लागूनच असते. उशाशी विजेचा बोर्ड, मोटरचा प्लग त्यातच. वर दोनशे लिटर पाणी आणि दोन म्हातारे मासे, जे हल्ली सारखे त्याच कोपऱ्याशी येऊन थांबतात. रिकामी करूया म्हटलं की आई हसते. "तुज्या बापाशीन घातलेलो जोड तो, सुटाचो नाय. पेपर भिजलो तर बघूया." आणि आडवी होताना त्या कोपऱ्याला हात लावते, देवाच्या पायांना लावावा तसा.

पेपर भिजलाय, बाबा. परवा तुळशीच्या पानाएवढी ओल होती, काल वाटीएवढी, आज तळहातात मावत नाही. तिन्ही दिवस ती आंघोळीला गेली असताना मी कोरडा पेपर सरकवला. ओले तिन्ही या वहीखाली आहेत, अक्षरं जरा फुटताहेत ती त्यामुळे.

हे लिहिता लिहिता ती बाहेर आली. "पेपर बघलंस काय रे?"

"बघलंय."

"सुको आसा मां?"

"सुको," म्हणालो. आत्ता, तुमच्यासमोर. ती आडवी होते आहे, हात कोपऱ्याकडे जातोय. आधी प्लग काढतो. मग तिचा हात ओला व्हायच्या आत तिला सांगायला हवं, की नऊ वर्षं ती ज्याच्या भरवशावर झोपते आहे, तो जोड तुमचा नाही.