हिरव्या तुकड्यातलं टोक

८ डिसेंबर
सकाळी जवाईबापूंचा फोन. मुलगा झाला. बालाघाटच्या दवाखान्यात. नंदा बरी आहे. वजन थोडं कमी आहे म्हणाले. किती कमी ते विचारायचं राहिलं, मग फोन लागेना. मागचा नातू सटी पुजायच्या आधीच गेला. तेव्हाही पहिल्या दिवशी वजनच सांगितलं होतं.
देवापुढे साखर ठेवली. शेजारी वच्छलाबाईंना सांगून आलो. त्या म्हणाल्या, "आता शिवा भाऊजी दुपटं. आता हरकत नाही."
जन्माच्या आधी बाळाचं काही शिवायचं नसतं, म्हणून थांबलो होतो. मागच्या वेळी जवाईंनी सगळं रेडीमेड आधीच आणून ठेवलं होतं. माझं कोण ऐकतं.

९ डिसेंबर
आठवडाभरात नंदा इकडे कटंगीला येणार. माय नसली तरी माहेर ते माहेरच, असं तीच म्हणाली. न्हाऊमाखू वच्छलाबाई घालतील. दुपटं मी शिवणार. विकतचं नको. बाळाला पहिलं कापड जुन्या माणसाच्या अंगावरचं लागतं, त्याचं आयुष्य बाळाला लागतं म्हणतात.
नंदाच्या मायची ट्रंक उघडली. ती गेल्यापासून पहिल्यांदा. दोन लुगडी ओळखीची, एक जांभळं, एक चॉकलेटी. खाली हिरवा तुकडा, घडी घालून ठेवलेला, टॉवेलाएवढा. हा कुठला ते आठवेना. हाताला सायीसारखा मऊ. एक कोपरा तेवढा टणक. वरखाली लुगडी, मधल्या थरात हा घालीन.
मशीन तिचीच, काळी, पायाची. तेल घातलं. आतली सुई गंजलेली होती, काढली. चष्मा लावूनही नंबर वाचता येईना. ती कोणत्या नंबरची सुई लावत होती, कधी विचारलंच नाही. मी राइस मिलमध्ये जन्मभर दाभणाने तांदळाचे बोरे शिवले. दाभणाला नंबर नसतो.

१० डिसेंबर
बाजारात गेलो. सुईवाल्याने विचारलं, "बाबूजी, घर की मशीन है के टेलरवाली?" घरच्या मशीनच्या सुईची वरची दांडी एका बाजूने चपटी, टेलरच्या मशीनची गोल. एकीची दुसरीत बसत नाही. बरं झालं जुनी सुई खिशात नेली होती.
मग नंबर. ११ बारीक, १८ जाड. मी म्हटलं तीन थर आहेत, जाड द्या. तो म्हणाला, "कपड़ा नया है के पुराना?" जुना म्हटल्यावर त्याने कान खाजवला. "फिर तो आप ही देख लो."
१६ आणि १८ घेतल्या. रस्ताभर वाटत राहिलं की चुकलं.

११ डिसेंबर
आधी १८ नंबर लावली. लांब खाच दोरा ओवायच्या बाजूला, चपटं अंग उलट्या बाजूला. तसंच लावलं, दोनदा पाहिलं. हातभर शिवलं आणि कापड उजेडात धरलं तर टाक्याटाक्याला भोक. जुन्या कापडाची चाळणी झाली. सगळं उसवलं.
मग १६. ही बरी चालली. पण हिरव्या तुकड्याचा टणक कोपरा आला तशी टक्. सुई तुटली.
तुटलेला तुकडा सापडला नाही. मशीनखाली पाहिलं, शटल उघडून पाहिलं, पूर्ण खोली झाडली, केर चाळणीने चाळला. नाही.
मिलमध्ये एक हमाल सांगायचा, सुईचा तुकडा अंगात शिरला की काळजाकडे चालत जातो. तेव्हा आम्ही हसत होतो.
तान्ह्याच्या दुपट्यात सुई. आज जेवण गेलं नाही.

१२ डिसेंबर
नंदाचा फोन. "बाबा, बहुत रडून राह्यलं. झोपतच नाही. दूध ओढत नाही." मागे जवाई बोलत होते, "बाबूजी से बोलो परेशान न हों, दुपट्टा बाज़ार में मिल जाता है।" मी बरं म्हटलं. तुकड्याचं सांगितलं नाही.
जुन्या रेडिओच्या भोंग्यातला लोहचुंबक काढला. दुपट्यावरून फिरवला. हिरव्या कोपऱ्यावर आला आणि ओढ लागली. ब्लेडने टाके उचकून आतलं काढलं. टोक! सापडलं म्हटलं.
खिडकीत नेऊन तुटक्या सुईला जोडून पाहिलं. जुळत नाही.
माझी सुई नेढ्याच्या वरून तुटली. म्हणजे हरवलेल्या तुकड्याला नेढं असायला पाहिजे. या टोकाला नेढं नाही. हे बारीक आहे, काळं पडलेलं आहे, आणि त्याला लाल दोरा गुंडाळलेला आहे. घट्ट, सात-आठ वेढे. हे तुटून पडलेलं नाही. कोणीतरी ठेवलेलं आहे.
मग माझा तुकडा कुठे?
परत चुंबक फिरवला. उभा, आडवा, उलट्या बाजूने. काही नाही.
काळं टोक काडीपेटीत घातलं.

१३ डिसेंबर
आज बाळाची सटी. तिकडे सासरी पुजली. पार पडली. तरी परत एकदा देवापुढे साखर ठेवली.
बाजारात परत गेलो. सुईवाला मला पाहून हसला. "टूट गई ना?" १४ नंबर दिली. "पुराने सूती को यही।" आधी का नाही दिली, म्हटलं. म्हणाला, "आपने मोटी माँगी थी।"
१४ पाण्यासारखी चालली. भोक नाही, टाका सारखा. मिलमधल्या सवयीने मी जाड सुई म्हणजे पक्की सुई असं धरून बसलो होतो.
एक गोष्ट लिहून ठेवतो. ज्या जागी काळं टोक निघालं, तिथून सुई गेली तेव्हा मशीनचा आवाज थांबला. चाक फिरत होतं, पाय चालत होता, टाके पडत होते, आवाज नाही. दोन बोटं जागा ओलांडली की परत खडखड. मला उजव्या कानाने कमी ऐकू येतं. म्हणून डावा कान मशीनकडे करून परत एकदा तिथूनच शिवलं. तसंच झालं.

१४ डिसेंबर
दुपटं पूर्ण झालं. पण माझा तुकडा मिळालेला नाही.
दुपारी सदरा काढून उघड्या पाठीने त्याच्यावर निजलो. टोचायचं असेल तर आधी मला टोचू दे. कूस बदलली, पाठ घासली. काही लागलं नाही. तिथेच डोळा लागला.
जाग आली तेव्हा अर्धं अंग दुपट्याच्या बाहेर, गार फरशीवर होतं. दुपट्याच्या मधोमध हात लावला तर गरम. मी तिथे नव्हतो, तरी गरम. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखं.
उन्हाचा कवडसा असेल. खिडकी मात्र बंद होती.

१६ डिसेंबर
नंदा आली. बाळ केवढंसं. जवाई दारातून सोडून परत गेले, नोकरी आहे. बाळाचा आवाज रडून बसलेला. नंदाच्या डोळ्यांखाली काळं झालं आहे.
वच्छलाबाईंनी दुपटं हातात घेतलं. "अवो, झ्याक शिवलं की भाऊजी! मिलमधले बोरे कुठं अन् हे कुठं." मग काठातून डोकावणारा हिरवा थर बोटांनी चाचपला. हसू गेलं.
"हे कुठं भेटलं तुम्हाले?"
"ट्रंकेत."
"हे नंदाचं दुपटं होय. ती तान्ही होती तवाचं." परत कोपरा चाचपला. "अन् याच्यातलं कुठं गेलं?"
मी काडीपेटी दाखवली. त्या मागे सरकल्या.
"अजी बाप्पा! काढलं काहून?"
मग हळू आवाजात सांगितलं. नंदाच्या आधीचे आमचे दोन गेले, ते मला माहीत आहेच. नंदाच्या वेळी तिच्या मायने सुईचं टोक लाल दोऱ्यात गुंडाळून दुपट्याच्या कोपऱ्यात शिवलं. तान्ह्यापाशी लोखंड असलं की ती येत नाही. आधीच्या दोघांना नेणारी. घरातल्या पुरुषाला हे सांगायचं नसतं.
"मग परत शिवून टाकतो," मी म्हटलं.
"एकदा काढलेलं चालत नाही."
मी माझ्या सुईचं सांगितलं. तुकडा आतच कुठेतरी आहे, चुंबकालाही लागत नाही.
त्यांनी दुपट्याची घडी घातली. म्हणाल्या, "मंग राहू द्या. जुनं लोखंड देलं, नवं घेतलं."
"कोणं घेतलं?"
त्या पाणी तापवायला निघून गेल्या.

१७ डिसेंबर
दुपटं घडी करून मशीनवर ठेवलं आहे. बाळाला विकतच्या गोधडीवर निजवतो. निजत नाही. काल दुपारपासून दूध नाही म्हटलं तरी चालेल. रडणंही आता बारीक झालं आहे, मांजराच्या पिलासारखं. मागचा शेवटी असाच रडत होता.
डॉक्टरांना फोन केला. उद्या संध्याकाळपर्यंत दूध ओढलं नाही तर घेऊन या म्हणाले.
नंदाने वच्छलाबाईंकडून सुईचं ऐकलं. माझ्यावर चिडली. "बाबा, सुई थी उसमें? पागल झाले का तुम्ही? तान्ह्या लेकराच्या कपड्यात?" मी म्हटलं, ती जुनी होती, काढली. तिने काडीपेटी उघडून पाहिली, बंद केली. मग मायचं लाल दोऱ्याचं रीळ अजून आहे का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. खरंच नाही.
बाळ रडता रडता मधेच थांबतं आणि दाराकडे पाहतं. दारात कोणी नसतं. मग जास्त जोराने रडतं. वच्छलाबाईंनी हे पाहिलं आणि त्या तिथून उठून दारात बसल्या, पाठ आत करून.

१८ डिसेंबर
सकाळपासून एक थेंब नाही. टाळू खोल गेली आहे. जवाई गाडी घेऊन निघाले आहेत, संध्याकाळ होईल म्हणाले.
दुपारी नंदा न्हाणीत होती. बाळ माझ्याजवळ. दाराकडे पाहून किंचाळलं. मी दाराकडे पाहिलं नाही. उठलो, मशीनवरचं दुपटं ओढलं, अंथरलं, बाळाला त्यावर ठेवलं.
चूक की बरोबर, मला कळत नाही. आत सुई आहे म्हणून काढावं, की आत सुई आहे म्हणूनच ठेवावं. दोन्ही एकच दुपटं आहे.
रडणं अर्ध्यावर तुटलं. बाळाने मान वळवली, हिरव्या कोपऱ्याकडे. ओठ हलवायला लागलं. नंदा ओल्या केसांनी धावत आली, दचकून, आवाज का थांबला म्हणून. तिने छातीशी घेतलं, दुपट्यासकट. ओढलं. चांगलं ओढलं. गळ्यातून घोट जाताना दिसत होते. नंदा रडत होती आणि हसत होती.
प्यायल्यावर तिथेच झोपलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

संध्याकाळ
जवाईंचा फोन आला, गाडी वाराशिवनीला पोचली आहे. नंदा म्हणाली, "अब दवाखान्यात भरती नको, बाबा. पिऊन राह्यलं न. दाखवून देऊ फक्त. दुपटं संगं नेतो आम्ही." मग माझ्याकडे सरळ पाहून विचारलं, "याच्यातलं सगळं निघालं न? पक्कं?"
मी म्हटलं, "हौ. निघालं."
ती कपडे आवरायला आत गेली आहे.
मी बाळाजवळ बसलो आहे. उजवा हात दुपटं आणि त्याची पाठ यांच्यामध्ये सरकवून धरला आहे. तुकडा वर आला तर आधी माझ्या हाताला लागू दे. डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर वाकडं येतं. बाळ झोपेत हसलं. दाराकडे तोंड करून.
गाडीचा आवाज आल्यासारखा वाटतो. हात काढावा लागेल. मग मी सांगायचं की नाही. सांगितलं तर नंदा दुपटं इथेच टाकून जाईल. नाही सांगितलं तर
आत्ता बोटाला काहीतरी लागलं. टाका असेल.